सतरा नंबरचा हात

“आता बघा,” मी म्हणाले, आणि सतरा नंबरच्या पिंजऱ्यासमोर उकिडवी बसले.

माझ्या मागे दिल्लीहून आलेले तीन पाहुणे उभे होते, त्यांच्याबरोबर आमचे पशुवैद्य डॉक्टर पत्तीवार, आणि दाराशी झाडू धरून पिंजरे धुणारे कुमरेभाऊ. पाहुण्यांनी अंगावर चढवलेले निळे कोट उलटसुलट बांधले गेले होते. मी डाव्या मुठीत भुईमुगाचा दाणा धरला, पिंजऱ्याच्या दारातल्या हाताएवढ्या खिडकीच्या कडेवर बोटानं दोनदा टकटक केलं आणि म्हणाले, “हात.”

सतरा आधी लाजली. म्हणजे तिनं तोंड बाजूला वळवलं आणि डावा हात कपाळावर नेला. ती नेहमीच तसं करायची. मग उजवा हात खिडकीतून सावकाश बाहेर काढून तिनं खालची सळई घट्ट धरली. मी कापसानं हात पुसला, शीर चाचपली, सुई घातली. नळीत रक्त चढत होतं तेवढा वेळ ती छताकडे बघत राहिली. सुई काढून कापूस दाबला, आणि मग मी मूठ उघडली. तिचा डावा तळवा तोवर सळ्यांमधून बाहेर येऊन उघडा वाट बघत होता. त्यावर दाणा ठेवला. तिनं तो न चावता गालात ठेवून दिला.

एका पाहुण्यानं टाळी वाजवली. माकडं आपणहून रक्त देतात हे आपण ऐकून होतो, बघितलं आज, असं तो म्हणाला. मला हरभऱ्याच्या झाडावर चढायला कधीच शिडी लागत नसे. मी हे कसं शिकवलं ते सगळं मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं, दोनदा सांगितलं. डॉक्टर पत्तीवारांनी खिशातली वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझं नाव लिहीत असतील. त्यांनी सतराचा आकडा लिहिला होता.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. नागपूरपासून तासाभरावरच्या एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात मी तंत्रज्ञ होते. पशुवैद्यकाची पदविका घेतलेली. गावात राहिले असते तर गाईम्हशींना टोचत हिंडले असते. इथं उंदीर होते, ससे होते, आणि शेवटच्या खोलीत लाल तोंडाची आठ माकडं, सगळ्या माद्या, अकरा ते अठरा नंबरच्या. त्यांचं वजन, खाणं, औषध, रक्त सगळं माझ्याकडे. सासरी कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, “ती माकडं खेळवते.” ते अगदीच खोटं नव्हतं.

मी आले तेव्हा रक्त काढायची पद्धत वेगळी होती. पिंजऱ्याची मागची जाळी सरकती असे. ती दांडा धरून पुढे ओढायची, की माकड दोन जाळ्यांच्या मध्ये चेपलं जाई. ते किंचाळे, घाण करी, दातांनी जाळी धरी. त्या दिवशी मला घरी जेवण जात नसे. म्हणून मी वर्षभर खपून त्यांना हात द्यायला शिकवलं. आधी खिडकीजवळ आलं तरी दाणा, मग बोट बाहेर आलं तर दाणा, मग हात, मग सुईचं टोपण टेकवू दिलं तर, आणि शेवटी सुई. कायदा एकच होता, टोचल्यावर दाणा मिळणारच. माझं डोकं दुखत असो की घरी भांडून आलेली असो, दाणा चुकवायचा नाही. आठांपैकी चार शिकल्या: अकरा, चौदा, पंधरा आणि सतरा. बाकीच्या चौघींनी माझे दाणे खाल्ले आणि हात काही दिला नाही. त्यांना चेपूनच घ्यावं लागे. त्यातली बारा नंबर तर कुमरेभाऊंचं बोट एकदा फोडून बसली होती.

जनावराला नाव ठेवायचं नाही, हा नियम मीच घातला होता. कुमरेभाऊ पंचवीस वर्षं तिथं होते. ते नियमाला मान द्यायचे आणि पाळायचे मात्र नाहीत. सतरा लाजते म्हणून ती सूनबाई, आणि तिच्या समोरच्याच पिंजऱ्यातली बारा दात विचकते म्हणून ती सासूबाई.

“सासूबाईचं सारं ध्यान सुनेच्या हाताकडं रायते, ताई,” ते मला सांगायचे. “पाहा कशी टुकुटुकु पाहून राह्यली.”

त्यांचा आणखी एक रिवाज होता. शनिवारी येताना ते गावातल्या मारुतीपुढचे फुटाणे पुडीत बांधून आणत आणि आठही पिंजऱ्यांत वाटत. त्या दिवशी माकडांच्या खोलीत सुई न्यायची नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. डॉक्टर पत्तीवार असलं काही मानत नसत, असं ते सांगायचे, पण त्यांच्या हाताखाली माकडांचं कुठलंही काम कधी शनिवारी लागलं नाही.

तर पाहुणे आले तो सोमवार होता. ते गेल्यावर डॉक्टरांनी मला बोलावून चहा दिला. औषधाचं वर्ष पुरं झालं होतं. क्षयाच्या नव्या औषधानं लिव्हर बिघडतं का, हे रक्तावरून कळत होतं तितकं कळलं होतं. आता लिव्हरच काढून प्रत्यक्ष बघायला हवं होतं. समितीची चार माकडांपर्यंत परवानगी होती. पुढच्या शुक्रवारी करू, म्हणाले. उरलेल्या चार वर्षदीड वर्ष नुसत्या देखरेखीखाली ठेवायच्या आणि मग बचाव केंद्रात पाठवायच्या.

कुठल्या चार, ते मी विचारलं. मला माहीत होतं तरी विचारलं.

“हात देणाऱ्या,” ते म्हणाले. जाळीत चेपलेलं माकड धडपडतं, तेव्हा त्याच्या स्नायूंमधूनही रक्तात तीच द्रव्यं उतरतात जी लिव्हर बिघडल्यावर उतरतात. मग दोष औषधाचा की धडपडीचा ते कळत नाही. “शांत जनावराचं रक्तच खरं बोलतं. तुमच्यामुळे आपल्याला अशा चार मिळाल्यात, भोंगाडे मॅडम. मी अहवालात तुमचं नाव घालणार आहे.”

ते मनापासून कौतुक करत होते. माणूस वाईट नव्हता. माझी मोठी बहीण क्षयातून सुधारली, पण त्याच औषधांनी लिव्हर बिघडून पिवळी पडली आणि वारली, हे त्यांना ठाऊक होतं. हे काम कशासाठी चाललंय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अकरा, चौदा आणि पंधरासाठी मी तोंडातून शब्द काढला नाही. सतरासाठीच का काढला, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. सकाळी शाबासकी घ्यायला मी तिला पुढे केली होती. अकराला केलं असतं तरी चाललं असतं.

“तीन चालणार नाहीत का, सर? सतराचा काही भरवसा नाही. कधी देते, कधी नाही देत.”

“आज तर दिला.”

“आज दिला.”

त्यांनी कप खाली ठेवला. तीनवर भागेल, पण चार असतील तर बरं, म्हणाले. पुढच्या बुधवारी ते स्वतः येऊन तालीम बघणार होते. तिनं हात दिला नाही तर तिला सोडून द्यायचं. “चेपून काढलेलं मला नकोच आहे,” ते म्हणाले. म्हणजे माझ्या हाताशी आठ दिवस होते. वर्षभर शिकवलेलं आठ दिवसांत विसरायला लावायचं होतं.

मंगळवारी मी जाड सुई घेतली. टकटक केलं, तिनं हात दिला, मी टोचलं आणि मूठ उघडली. मुठीत काही नव्हतं. तिनं माझ्या तळव्याकडे बघितलं, मग मूठ उलटी करून बघितली, मग माझ्या रबरी हातमोज्याची गुंडाळलेली कड बोटांनी उलगडून आत बघितलं. दाणा कुठंतरी असणार याबद्दल तिला शंका नव्हती. मी उठून दुसऱ्या पिंजऱ्याकडे गेले.

बुधवारी तेच. गुरुवारी मी मुद्दाम खवट दाणा दिला. तो तिनं तोंडात घातला, थुंकला, पुसला आणि परत तोंडात घातला. शुक्रवारी हात अर्धा बाहेर आला असताना मी स्टीलचा ट्रे फरशीवर आपटला. खोलीतल्या आठही जणी किंचाळल्या. सतरा मागच्या जाळीपर्यंत उडाली, तिथं थोडा वेळ बसली, आणि मग सगळं शांत झाल्यावर पुढे येऊन तिनं पुन्हा हात दिला. या वेळी लाजली मात्र नाही. माझ्याकडे सरळ बघत दिला.

ट्रेच्या आवाजानं कुमरेभाऊ धावत आले. ते दारात उभे राहिले, आणि ट्रे पडलेला नाही, टाकलेला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

“तीन दिवस झाले, सूनबाईले दाना नाई देल्ला तुमी.”

“विसरले.”

“तुमी नाई विसरत, ताई.”

मग मी त्यांना सांगितलं. ते पालथ्या बादलीवर बसून ऐकत होते. पंचवीस वर्षांत त्यांनी कितीतरी पिंजरे भरताना आणि रिकामे होताना बघितले होते, त्यामुळे ते हळहळले वगैरे नाहीत. त्यांनी फक्त माझी पद्धत चुकलीय असं सांगितलं.

“असं नाई जमत. खाऊ नाई भेटला तं लेकरू रुसते, मायले सोडते थोडी? एक फटका मारा हातावर. जोरानं मारा. मंग जन्मात नाई देनार.”

“तुम्ही मारा.”

“म्या मारून काय होते? मले तं ते हात देतच नाई.”

खरं होतं. फटका माझाच लागणार होता. शनिवारी सुई नाही म्हणून खोलीत गेले नाही, रविवारी सुट्टी. सोमवारी मी टेबलावरची लाकडी फूटपट्टी घेऊन सतरापुढे बसले. कुमरेभाऊ बाहेर नळी सोडून पाणी मारत होते, पण पाणी एकाच जागी पडत होतं. मी टकटक केलं. तिनं हात दिला, सळई धरली. हाताच्या आतल्या बाजूला जाड सुईचे काळेनिळे डाग होते, सगळे माझे. मी पट्टी उचलली. तिनं पट्टीकडे बघितलं, सळई सोडली, पट्टीचं टोक दोन बोटांत धरलं आणि वास घेतला.

मला मारता आलं नाही. मंगळवारीही आलं नाही. अकरा वर्षांच्या नोकरीत मी एकाही जनावरावर हात उगारला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता. तो सोडायचं धाडस माझ्यात नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती.

बुधवारी अकरा वाजता डॉक्टर आले. अकरानं हात दिला, चौदानं दिला, पंधरानं दिला. डॉक्टरांनी तीन खुणा केल्या आणि स्टूल सतरापुढे ओढून बसले. मी दोनदाऐवजी एकदाच टकटक केलं, तेही हलकं. “हात” पुटपुटले. सतरा आमच्याकडे पाठ करून बसली होती. ती हलली नाही.

“परत म्हणा,” डॉक्टर म्हणाले.

मी परत म्हटलं. ती पायाची बोटं कुरवाळत बसली. त्यांनी घड्याळ बघितलं. मिनिटभर थांबले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “बरं. तीनवर भागवू.”

मी उठले. बस, उठायला नको होतं. मी जायला निघालेय असं वाटून सतरा वळली, घाईघाईनं खिडकीशी आली आणि तिनं हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत काढला. सळई न धरता माझ्या कोटाकडे केला.

“देते की,” डॉक्टर हसून म्हणाले. “किती घाबरवलंत मला.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यातली गाय मला तोवर भेटली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी चौघींच्या पिंजऱ्यांवर मी पाट्या लावल्या: ‘उद्या उपाशी’. गुंगी द्यायची असली की पोटात आणि तोंडात काही नको, नाहीतर घास श्वासनळीत जाऊन जनावर गुदमरतं. हा नियमही मीच फळ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेला होता.

शुक्रवारी सकाळी नऊला सुरू केलं. मी खिडकीतून गुंगीचं इंजेक्शन द्यायचं, माकड झोपलं की कुमरेभाऊंनी उचलून शेजारच्या खोलीत न्यायचं, पुढचं सगळं डॉक्टर करणार. लोक विचारतात, त्या दिवशी कसं वाटलं असेल. काही वाटलं नाही. मला सगळं नीट दिसत होतं. चौदाच्या पिंजऱ्याचं बिजागर कुरकुरत होतं आणि त्याला तेल घालायला हवं, हे मी मनात टिपून ठेवलं. अकरा, चौदा, पंधरा. तिघींनी हात दिले. तिघींना मी डाव्या हाताची रिकामी मूठ दाखवली नाही, पाठीमागे धरली. तिघी तीन-तीन, चार-चार मिनिटांत झोपल्या. कुमरेभाऊ प्रत्येकीला नेताना तिचं डोकं कोपराच्या घडीत नीट घेत होते.

सतरापुढे बसले तेव्हा मला टकटक करावंच लागलं नाही. तिचा हात बाहेर होता. मी दंडात टोचलं. सुई काढली. कापूस दाबला. तिचा डावा तळवा सळ्यांमधून बाहेर आला आणि उघडा राहिला.

माझ्या कोटाच्या खिशात दोन दाणे होते. रोजच्या सवयीनं सकाळी पडलेले. मी खिशात हात घातला, तेव्हा ते बोटांना लागले. मागे डॉक्टर घड्याळ घेऊन उभे होते. ते बघत आहेत म्हणून मी दाणा दिला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण ते काही खरं नाही. ते नसते तरी मी दिला नसता. दिला असता तर ती गालात ठेवून झोपली असती आणि गुदमरली असती, आणि मी माझं काम नीट करणारी बाई होते.

तिनं तळवा जरा पुढे केला. मी त्यावर माझं बोट ठेवलं. तिनं बोट धरलं नाही. बाजूला सारलं, आणि तळवा परत उघडा केला. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या. ती बसल्या जागी पुढे कलली, कपाळ सळ्यांना टेकलं. तळवा तसाच होता.

“तीन मिनिटं वीस सेकंद,” डॉक्टर म्हणाले. मी लिहून घेतलं.

कुमरेभाऊंनी मागचं दार उघडून तिला काढलं. सळ्यांमधला हात बाहेरून आत ढकलावा लागला. तो मीच ढकलला.

दुपारी मी डबा खाल्ला. वांग्याची भाजी होती. मीठ कमी होतं. मी शेजारी जेवायला बसलेल्या बाईकडून मीठ मागून घेतलं आणि सगळी पोळी संपवली. अडीचच्या सुमारास डॉक्टर हात धुऊन आले. चारही लिव्हर स्वच्छ होती. औषध चांगलं निघणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते खुर्चीत बसले. माझ्या बहिणीचं नाव त्यांनी काढलं नाही. मग सांगितलं, की सहा महिन्यांनी औषध दुप्पट करून परत हेच बघावं लागेल, त्याची परवानगी ते मागणार आहेत. आणखी दोन जनावरं लागतील.

“उरलेल्या चौघींपैकी कुणी हात द्यायला लागली तर बघा. एखादी जरी देऊ लागली तरी मला कळवा. नाही दिला तर मग नाही. त्यांना केंद्रात पाठवून टाकू.”

मी हो म्हटलं.

दुसरा दिवस शनिवार. कुमरेभाऊ फुटाण्यांची पुडी घेऊन आले. आठाची सवय असलेल्या हातानं त्यांनी पुडीचे आठ भाग केले आणि मग चार भाग परत पुडीत घातले. मी त्यांच्याबरोबर आत गेले. सुई नव्हती, ट्रे नव्हता, हातात काही नव्हतं. चार पिंजरे धुऊन उघडे ठेवले होते. सतराच्या पिंजऱ्यापुढे मी उकिडवी बसले. का बसले ते माहीत नाही. गुडघ्यांना सवय होती. रिकाम्या पिंजऱ्यात बघत मी तशीच बसून राहिले आणि तेव्हाही काही वाटलं नाही.

मागे सळई वाजली.

मी वळले. समोरच्या पिंजऱ्यात बारा नंबर खिडकीशी आली होती. तिनं तोंड बाजूला वळवलं. डावा हात कपाळावर नेला. मग खिडकीतून उजवा हात सावकाश बाहेर काढला आणि खालची सळई घट्ट धरली.

वर्षभर ती समोर बसून बघत होती. मी तिला शिकवून दमले होते. ती सतराकडून शिकली होती, लाजण्यासकट.

कुमरेभाऊ पुडी हातात घेऊन जागच्या जागी थांबले. बाराचा डावा तळवा सळ्यांमधून बाहेर आला आणि उघडला. मी पिंजऱ्यापाशी गेले. माझ्या डोळ्यांपुढे आदल्या दिवशीचा हात आला, आणि मला एकदम इतका राग आला की मी कुणावर रागावलेय ते मला कळेना. मी हात उचलला आणि बाराच्या सळई धरलेल्या मनगटावर सगळ्या जोरानं फटका मारला.

ती किंचाळून मागे गेली. बाकीच्या तिघी जाळ्यांना लटकल्या. माझा तळहात झणझणत होता. मी कुमरेभाऊंकडे बघितलं. शनिवार होता, त्यांच्या कपाळावर मारुतीचा शेंदूर होता. ते काही म्हणणार असं मला वाटलं. ते बाराकडे बघत होते. ती मनगट तोंडात धरून कोपऱ्यात बसली होती. मग ती हळूहळू पुढे सरकली. हात अर्धा उचलला.

“आनखी एक मारा, ताई,” कुमरेभाऊ म्हणाले. “एका फटक्यानं नाई विसरत थे.”

मी आणखी एक मारला. मग तिसरा. तिसऱ्यानंतर ती पुढे आली नाही. फुटाणे तिला कुमरेभाऊंनी मागच्या दारानं टाकले, तिनं ते दुपारपर्यंत उचलले नाहीत. मी टेबलाशी जाऊन रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, ‘बारा नंबर. हात देत नाही.’ साक्षीदाराच्या रकान्यात कुमरेभाऊंनी सही केली. ते सही सावकाश करत. ती होईपर्यंत मी टेबलाला धरून उभी होते आणि रडत होते, आणि त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर दर आठवड्याला मी तेच वाक्य लिहीत गेले. बारानं पुन्हा तीनदा हात दिला. तीनदा मी त्यावर फटका मारला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं, उरलेल्या तिघींचं विचारलं, त्यांचं तर खरोखरच तसं होतं, आणि दुप्पट औषधाचं काम दुसऱ्या एका संस्थेकडे गेलं. तिथल्या माकडांचे हात मी पाहिले नाहीत. औषध पुढे दवाखान्यांत आलं, आजही मिळतं.

दीड वर्षानं बचाव केंद्राची गाडी आली. चार पिंजरे चढवायचे होते. तीन चढले. बाराचा पिंजरा उचलताना एका बाजूनं कलला म्हणून मी आधार द्यायला पुढे झाले. मला बघून ती पार मागे सरकली, जाळीला पाठ लावून अंगाचं मुटकुळं करून बसली, आणि तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट दाबून धरले. कुमरेभाऊंनी मला हातानंच बाजूला व्हायची खूण केली.

गाडी फाटकातून बाहेर पडली, तोवर तिनं मान वर केली नव्हती. डॉक्टर पत्तीवार शेजारी उभे होते.

“एवढं केलंत तुम्ही तिचं,” ते म्हणाले, “आणि तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं.”

“नाही बघत, सर,” मी म्हणाले.